पहिल्या रकान्यातील रिकामी जागा

वर्षालीने वडिलांच्या नौकाविहाराच्या संकेतस्थळावर साधी, मध्यम आणि विशेष अशा तीन सफरींचे दरपत्रक रचले होते. जीवरक्षक जाकीट वास्तविक सर्वांनाच मिळे. पण विशेष सफर भरघोस दिसावी म्हणून तिने त्याची खूण केवळ तिसऱ्या रकान्यात केली. आज साध्या सफरीच्या प्रवाशांना घेऊन बाबांची होडी देवबागच्या खाडीमुखाशी पोहोचली आणि बाबांचा फोन आला.

“गो, पावणे जाकिटां घालूक तयार नाय. म्हणतत, आमच्या दरात ती नाय, तुमी मागसून पैशे मागशात.”

“फुकट आसत म्हणान सांगा.”

“सांगलंय. ते तुझो तक्तोच माका दाखवतत. आता होडी वळवलंय तर लाट आडवी लागतली.”

तिने लॅपटॉपवर दरपत्रक उघडले. होडीत दोन लहान मुले होती. तिने तिन्ही रकान्यांच्या वर ओळ लिहिली: ‘जीवरक्षक जाकीट प्रत्येकास, विनामूल्य.’

“आता परत उघडूक सांगा, बाबा.”

 फोनमध्ये नुसता वारा घोंघावत राहिला. तिने मनोमन देवाचा धावा केला.

“घातल्यानी,” अखेर बाबा म्हणाले. “पोरांचे पट्टे मीच बांधलंय.”

 होडी किनाऱ्याला लागेपर्यंत वर्षालीने फोन कानापासून दूर केला नाही.