तोंड बांधलेली कडी

मित्रांनो, मी लंडनमधल्या एका दारावरची, दार ठोठावायची जुनी पितळी कडी आहे, आणि माझी तक्रार चोरांबद्दल नाही. चोर ते चोरच. माझी तक्रार इन्स्पेक्टर थ्रेलकेल्डसाहेबांच्या सभ्यपणाबद्दल आहे.

बर्मिंगहॅमच्या भट्टीत मी ओतली गेले. ड्रुसिला पेनकबाईंनी मला दारावर बसवले आणि रोज स्वतःच्या हाताने घासले. मोलकरणीने हात लावला की ओरडायच्या, "सोड! तू पुसलीस तर मळेल ती!"

मग त्यांचा पुतण्या अँब्रोस राहायला आला. चोरीची चांदी शहरभर लपवणाऱ्या एका छुप्या टोळीतला तो. त्याने बाईंना वरच्या खोलीत कोंडले, माझे तोंड लोकरी फडक्याने बांधले आणि दारापुढे रस्त्यावर पेंढा पसरला. घरात कोणी अत्यवस्थ असले की आमच्याकडे असेच करतात. मग चाके खडखडत नाहीत आणि डॉक्टरखेरीज दारही कोणी ठोठावत नाही. टोळीची पोती मागच्या दाराने खुशाल आत येऊ लागली.

बाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हेत. अँब्रोसने दिलेले गुंगीचे औषध कुंडीत ओतून त्या काठीने जमीन बडवत. शेजारी हळहळत, "ताप डोक्यात गेला वाटतं बिचारीच्या!"

आणि आमचे साहेब? याच टोळीच्या मागावर बोळ न् बोळ धुंडाळत होते. माझ्यापुढे आले की टोपी काढत आणि चवड्यांवर चालत निघून जात! माझा नुसता जळफळाट होई.

एकदा मात्र ते थबकले. फडक्यावर धुरांड्यांची काजळी जाड बसली होती आणि तिच्यावर एकही बोट उमटलेले नव्हते.

"बाई मरायला टेकल्यात, आणि डॉक्टर एकदाही आला नाही?"

"धुरांड्यातून उतरत असेल, साहेब," हवालदार म्हणाला.

साहेबांनी त्याला मागच्या दाराकडे पिटाळले आणि फडके ओरबाडून काढले. मग मी अशी वाजले, अशी वाजले, की सारी गल्ली खिडक्यांत आली. वरून काठीने साथ धरली. अँब्रोस मागून पळाला तो चांदीच्या पोत्याला अडखळून हवालदाराच्या पायांशीच पडला. टोळीची बाकीची घरेही साहेबांनी तशाच बांधलेल्या कड्यांवरच्या बिनबोटांच्या काजळीवरून हुडकली.

आज दारावर विजेची घंटा आहे. मला कोणी घासत नाही, मी हिरवी पडले आहे. पडू दे. तुम्ही मात्र गप्प झालेल्या घरावरून चवड्यांवर जाऊ नका.

त्या दिवशी बाईंना सोडवून दाराशी आणल्यावर साहेब टोपी काढून वाकले. "क्षमा असावी, बाई."

बाईंनी आधी एप्रनने मला लख्ख पुसले, मग त्यांच्याकडे वळल्या.

"घाला ती टोपी डोक्यावर! रोज माझी काठी ऐकलीत आणि रोज मान झुकवून निघून गेलात. चोर पकडता येतात तुम्हाला, साहेब, पण दार वाजवता येत नाही!"