कासवाच्या दगडावरचा फोटो

दर ऋतूत एका रविवारी आम्ही तिघं नदीवर जातो, आणि मी माझ्या मुलीचा, लुसिलाचा, एकाच दगडावर फोटो काढतो. कोर्दोबाच्या डोंगरातून येणाऱ्या आमच्या नदीत, काठापासून दहा पावलांवर, कासवासारखा तो दगड आहे. पानगळीत मागची झाडं पिवळीधमक होतात, हिवाळ्यात काठाला बर्फाची कड येते, वसंतात रानपीच फुलतो. असे सव्वीस फोटो घरात ओळीने टांगलेत. मी गाड्या दुरुस्त करणारा माणूस, पण कॅमेऱ्यामागे उभा राहिलो की स्वतःला कोण समजतो, ते माझ्या बायकोला विचारा.

फोटोत पक्षी हवा हा माझा हट्ट. त्याची वाट बघत पोरीला कधी वीस-वीस मिनिटं बसावं लागे. ती कंटाळू नये म्हणून मी खेळ काढला. मी ‘झालं’ म्हणेपर्यंत हलायचं नाही. मधेच मी साप आला, बैल आला, पळ, असं काहीबाही ओरडायचं. ती हलली नाही तर आइस्क्रीम. गेल्या वर्षभरात मी एकदाही जिंकलो नव्हतो, आणि याचा मला अभिमान होता, गाढवासारखा.

जानेवारी म्हणजे आमच्याकडे भर उन्हाळा, आणि तो रविवार रखरखीत उन्हाचा होता. माझी बायको मिर्ता सावलीत खुर्ची टाकून नळीने कडू चहा ओढत होती. वरच्या डोंगरांवर ढग काळेकुट्ट झाले होते. तिने दोनदा सांगितलं, वर पाऊस दिसतोय, आवर आता. मी म्हटलं, असा काळा पडदा मागे मिळायला नशीब लागतं. वर पाऊस पडला की खाली उन्हातही लोंढा येतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. पण खंड्या पक्षी अजून आला नव्हता.

चौकट जुळवायला मी मागच्या उन्हाळ्यातला फोटो हातात धरला होता. त्यात कासवाची मान पाण्याबाहेर होती. कॅमेऱ्यातून पाहिलं तर मान दिसेना. मग काटक्या वाहत आल्या, मागोमाग फेस, आणि पाणी बघता बघता चहासारखं लाल झालं. वळणापलीकडून घरघर ऐकू आली.

“लुसिला, पळ! पाणी येतंय!”

ती हलली नाही. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

“अगं खरंच येतंय. बाबाची शपथ!”

शपथही मी मागे एकदा खोटी घेतली होती, सापाच्या वेळी. ती पाठ ताठ करून समोर बघत राहिली. मी पाण्यात उडी मारली. गुडघ्याएवढं पाणी मांडीला आलं, पाय उचलला की दुसरीकडेच पडत होता. चार पावलांवर मी घसरलो आणि एका मुळाला लोंबकळलो. तिचं नाव घेऊन ओरडत होतो. तो एक शब्द, जो मी सव्वीस वेळा म्हटला होता, मला आठवलाच नाही. एवढी भीती मी आयुष्यात अनुभवलेली नाही.

तेवढ्यात मिर्ता काठावरून शांत आवाजात म्हणाली, “झालं.”

लुसिला उठली, वळली, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. काठापर्यंतच्या, अजून न बुडालेल्या दगडांवरून उड्या मारत ती आईच्या हाताशी पोचली. मी कसाबसा वर सरपटलो. मागून लोंढा आला तो झाडाचं खोड घेऊनच. कासव दिसेनासं झालं. तीन पायांचा स्टँड कॅमेऱ्यासकट गेला.

ओल्या कपड्यांनीच मी गाडी सुरू केली. मग लुसिला म्हणाली, “आईने सांगितलं म्हणून उठले. तू सांगितलं नव्हतंस. मग मी हरले का?”

नाही गं, म्हणालो. वाटेत सगळ्यात मोठं आइस्क्रीम घेऊन दिलं. तिने अर्धं टाकलं.

त्या आठवड्यात आम्ही तिघं बाजारात निघालो होतो. ती रस्ता ओलांडायला पुढे झाली आणि कोपऱ्यावरून ट्रक आला. मी म्हटलं, “थांब, लुसिला, गाडी आहे.”

ती थांबली नाही. वळून आधी आईकडे बघू लागली. मिर्ताने मान हलवली, तेव्हा थांबली.