प्रणालीच्या खोलीतलं दर्यापूर

मुलगी शिकायला परदेशी पाठवायची म्हटलं की आपल्याकडे परीक्षा मुलीची होत नाही, बापाची होते. दर्यापूरच्या शेषरावांचीही झाली. बाजारात बियाण्यांचं दुकान, गावालगत काळी जमीन आणि एकुलती एक लेक प्रणाली. अमरावतीला शेतीची पदवी घेतली आणि मातीच्या अभ्यासासाठी तिला कॅनडातल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. पेढे खाऊन झाल्यावर भावकीतले लोक हात पुसत विचारू लागले, "शेषराव, जवान पोरगी हाय. तिकडे कोनासंगं फिरते, काय करते, तुमाले कसं समजन?"

शेषराव वाईट माणूस नव्हते. पण असल्या प्रश्नांनी ते घाबरून गेले. त्यांनी लेकीला एकच अट घातली. घरचे जागे असतील तोवर तिचा व्हिडिओ कॉल चालू राहिला पाहिजे, एक मिनिटही बंद पडता कामा नये. प्रणालीला जायचं होतं, ती हसून हो म्हणाली.

ऑगस्टच्या शेवटी ती गेली. शेषरावांनी बैठकीच्या भिंतीवर फळी ठोकली, दुकानातला टॅब तिच्यावर उभा केला आणि वर एक बारका दिवा लावला. टॅबमधून प्रणालीला समोर स्वयंपाकघर दिसे, डाव्या हाताला देवघर. सकाळी सहाला टॅब सुरू होई तो रात्री दहाला बंद. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साधारण बारा तास मागे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचा अर्थ काय, हे मात्र कोणी मनावर घेतलं नाही. दर्यापूर जागं असताना तिच्याकडे रात्र असायची, म्हणून ती रात्रभर जागायची. दर्यापूर झोपलं की ती झोपायची, आणि तेव्हा तिच्या शहरातली माणसं कामाधंद्याला लागलेली असायची. वर्गात शिकवलेलं ती नंतर रेकॉर्डिंगवर पाही.

सुरुवातीला सगळ्यांना मोठी गंमत वाटली. तिची आई मंदाताई पोळ्या लाटत असल्या की फळीवरून आवाज येई, "आई, दूध उतू जाऊन राहिलं!" शेजारणी येत, टॅबसमोर खुर्ची ओढून बसत आणि जाताना म्हणत, "पोरगी घरीच हाय म्हना!" शेषरावांची छाती फुगे. गावातल्या आणखी दोन बापांनी ही युक्ती त्यांच्याकडून शिकून घेतली.

दिवाळीनंतर मंदाताईंना काहीतरी खटकायला लागलं. प्रणाली कॅनडाबद्दल काही बोलतच नव्हती. विचारलं तर "बरं आहे" म्हणायची आणि पुन्हा दर्यापूरवर यायची. एकदा म्हणाली, "बाबा, न्हाणीतला नळ टपकून राहिला." शेषराव उठून गेले, तर खरंच थेंब थेंब पाणी गळत होतं. न्हाणी मागच्या अंगणात होती आणि बैठकीत बसलेल्या माणसालाही तो आवाज येत नव्हता.

मग डिसेंबरात एका दुपारी मंदाताई भाजी चिरत होत्या. टॅबमध्ये प्रणाली उठली आणि खोलीबाहेर जाताना दारात मान खाली घालून वाकली. तिच्या त्या भाड्याच्या खोलीचं दार चांगलं उंच होतं. बुटकं दार होतं ते दर्यापूरच्या स्वयंपाकघराचं, आणि तिथं घरातले सगळे असेच वाकून जात. परत आल्यावर तिने खोलीच्या मोकळ्या कोपऱ्यात हात घातला, हवेतच पेला बुडवला, वर काढला आणि घटाघटा प्यायली. पेला रिकामा होता. मंदाताई भाजी सोडून टॅबपाशी आल्या.

"प्रणाली, काय पिऊन राहिली व?"

"पानी. माठातलं. लय थंडं हाय आज."

मंदाताईंनी हे नवऱ्याला सांगितलं. "घरची आठवन येत असन तिले," म्हणून शेषराव दुकानात निघून गेले.

संक्रांतीनंतर हळदीकुंकवाला अकोल्याहून शेषरावांच्या मोठ्या बहीण गोदाबाई आल्या. जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून राबलेल्या, आता निवृत्त. त्या पोहोचल्या तेव्हा बायका वाण घेऊन नुकत्याच पांगल्या होत्या. जाताना प्रत्येकीने हौसेने टॅबच्या काचेवर हळदीकुंकू लावलं होतं. एकीने आपल्या केसांतला गजरा काढून त्याला घातला होता.

गोदाबाई उंबऱ्यात थबकल्या. भिंतीवर फळी, वर जळता दिवा, हळदीकुंकू, फुलं आणि मधोमध प्रणालीचा निश्चल, पांढराफटक चेहरा. त्यांच्या हातातली पिशवी खाली पडली. "शेषराव! अरे कवा गेली पोरगी? मले कळवलं बी नाई तुमी!"

आणि त्या फोटोचे ओठ हलले. "आत्या, चपला बाहेर काहून ठेवल्या? कुत्रं नेईन."

गोदाबाईंनी पुढे होऊन पदराने काचेवरचं कुंकू पुसलं, गजरा काढून फेकला आणि टॅबसमोर बसल्या. दवाखान्यात विचारत तसं त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली.

"बाहेर कवा गेली होती?"

"सामान घरपोच येते, आत्या."

"त्या घरात आनखी कोन राहते?"

"दोन पोरी. बाजूच्या खोल्यांत."

"नावं काय त्यांची?"

प्रणालीने दाराकडे पाहिलं. "नाई माहीत," ती म्हणाली.

"अन् कॉलेज?"

तिने टेबलावरचं एक पत्र उचललं आणि दुसऱ्या कोणाचं असावं तसं वाचून दाखवलं. प्रयोगशाळेत हजेरी नाही. महिनाअखेरपर्यंत प्रत्यक्ष हजर झाली नाही, तर विद्यापीठ तिचं नाव कमी करणार होतं.

शेषराव पुढे झाले. "ताई, म्या तर तिच्या भल्यासाठीच केलं. जग कसं हाय! नजर ठेवाव लागते."

"ठेवली ना नजर? मंग हे पत्र काहून नाई दिसलं तुले?" गोदाबाई कडाडल्या. "बावीस वर्षांची होती मी, धारणीले नोकरी लागली. आपले बाबा सोबतीले येऊन राहिले. ड्युटी झाली की मी दार लावून त्यायच्याशी आपल्या गावच्या गोष्टी करत बसे. दवाखान्यात कोरकू आदिवासी बाया येत, त्यायचं बोलनं मले समजे नाई, अन् समजून घ्याची मले गरजच वाटे नाई. एक बाळंतीण रात्रभर काहीतरी मागत राहिली. मले वाटलं वेदनेनं बरळून राहिली. सकाळी दुसऱ्या बाईनं सांगतलं, ती घोटभर पानी मागे. शरमेनं मेली मी. त्याच दिवशी बाबाले हात जोडून गाडीत बसवलं, तवा कुठं मी धारणीची झाली."

मग त्या मंदाताईंकडे वळल्या. "तू धामणगावची. लग्न झाल्यावर तुझी माय इथं चुलीजवळ ठाण मांडून बसली असती, तर या घरात रमली असती काय तू? सुनेले आपन सांगतो, लवकर आमच्यातली हो. अन् लेक शिकाले गेली त तिले तिथलं वारंही लागू देत नाई. काहून?"

संध्याकाळी आठला, म्हणजे तिकडे सकाळ होताना, गोदाबाई म्हणाल्या, "प्रणाली, ऊठ. बाजूचं दार वाजव. नाव विचारून ये."

तिच्या डोळ्यांत भीती दाटली. "आत्या, मले भेव वाटते. आईजवळ बसू द्या ना."

"वाटू दे भेव. जा."

ती उठली. त्या उंच दारातून पुन्हा वाकूनच बाहेर गेली. टॅबमध्ये नुसती खुर्ची उरली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग लांबून दार वाजवल्याचा आवाज आला, कडी सरकली आणि एक बाई जिवाच्या आकांताने किंचाळली! शेषराव ताडकन उभे राहिले. "प्रणाली! अवं प्रणाली!"

बऱ्याच वेळाने प्रणाली आत आली. तिच्या मागोमाग एक उंच मुलगी होती, केसांच्या बारीक बारीक वेण्या घातलेली. ती टॅबजवळ आली आणि एकेक निरखून पाहू लागली. देवघर, गॅस, तिघांची तोंडं. तेवढ्यात मंदाताईंच्या कुकरची शिट्टी झाली. मुलीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि भराभरा इंग्रजीत काहीतरी बोलली.

"काय म्हनते ते?" शेषरावांनी विचारलं.

प्रणाली सांगू लागली. "ही अमारा. नायजेरियाची हाय. म्हनते, या खोलीत कोनी राहतच नाई असं त्या दोघीयले वाटे. दिवसा सामसूम. अन् रात्र झाली की आतून शिट्या येत, घंटी वाजे, एक मानूस खोकलत राही. पाच महिने होत आले, त्या दिवा लावून झोपतात. आत्ता म्या दार वाजवलं त मले पाहून ते किंचाळली."

तो खोकला शेषरावांचा होता. सकाळी उठल्यावर त्यांना बिडी ओढायची सवय, आणि मग तासभर खोकल्याची उबळ.

"ताई," शेषराव म्हणाले, "म्या माह्या हातानं जित्या लेकीचं भूत केलं!"

ते फळीजवळ गेले. त्यांचा हात टॅबकडे जाताच प्रणाली लहान मुलीसारखी ओरडली, "बाबा, नोका बंद करू! मी कुठं जाऊ मंग?"

"तू गेलीच हायेस बेटा. आमीच तुले पोचू देत नव्हतो." शेषराव रडत होते. "अमाराचा हात धर. वर्गात जा. शनिवारी फोन कर. पत्रासारखं काही लपवू नको, बाकी मी इचारनार नाई." आणि त्यांनी टॅब बंद केला.

पहिले दोन दिवस घरात कोणाला घास गोड लागला नाही. मंदाताई सवयीने भिंतीशी बोलायच्या आणि गप्प व्हायच्या. बुधवारी एका ओळीचा निरोप आला, "प्रयोगशाळेत गेली होती, हजेरी लागली." शेषरावांनी तो गल्लीभर वाचून दाखवला. शनिवारी मात्र पहाटेपासून ते फोन हातात घेऊन बसले. दुपार गेली, संध्याकाळ गेली, फोन काही आला नाही. "मीच लावतो," ते म्हणाले. गोदाबाईंनी फोन काढून घेतला आणि त्यावर बसून राहिल्या. त्यांच्याही कपाळावर घाम होता.

रविवारी रात्री फोन वाजला. निरोप होता. "बाबा, माफ करा. काल अमारा अन् तिच्या मैत्रिणींसंगं गोठलेल्या तळ्यावर चालाले गेली होती. दोनदा पडली. येता येता त्यायच्याकडे जेवली. फोन कराचं विसरूनच गेली."

शेषरावांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. "विसरली!" ते मोठ्याने ओरडले. "ताई, पोरगी मले विसरली!" आणि ते हसायला लागले, डोळ्यांतून मात्र धारा वाहत होत्या. मंदाताईंनी आधी देवापुढे साखर ठेवली आणि मग स्वतःच्या डोळ्यांना पदर लावला.

मंडळी, लेकरू परक्या देशात गेलं की त्याला तिथली माणसं, तिथली भाषा, तिथली थंडी आपली करावी लागते. ते काम त्याच्या वतीने आपण करू शकत नाही, आणि आपण सतत डोळ्यांसमोर बसलो तर लेकरूही ते करू शकत नाही. विशेषतः मुलींच्या बापांनो! काळजीच्या नावाखाली पहारा बसवू नका. मूल अडचणीत असेल तर त्याला हाक मारता यावी एवढा विश्वास द्या आणि मग त्याला जाऊ द्या. एखाद्या शनिवारी ते आपल्याला विसरलं, तर रुसून बसू नका. आपण त्याला नीट वाढवलं, एवढाच त्याचा अर्थ आहे.