दवाखान्याच्या दारची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. माझा आवाज तुम्हाला थोडा दबलेला वाटेल. त्याला कारण आहे, पण ते मी शेवटी सांगेन. आधी सांगितलं तर तुमचा माझ्याबद्दलचा आदर जाईल, आणि निदान गोष्ट संपेपर्यंत तरी तो राहावा अशी माझी इच्छा आहे.

माझं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दिग्रसहून पुसदला जाताना लागतं. त्याचं नाव मी सांगत नाही. गाव अजून तिथेच आहे आणि मलाही तिथेच दिवस काढायचे आहेत.

मी जातीची सागाची. घाटंजीकडच्या जंगलात माझं झाड उभं होतं. एका जागी उभं राहणं हा झाडांचा धर्मच आहे, त्याबद्दल त्यांच्यापुढे कोणी पाटी लावत नाही. ते झाड तुटलं, फळ्या झाल्या आणि त्यातली एक जाडजूड फळी गफ्फार पेंटरच्या ओट्यावर येऊन पडली. ती मी.

गफ्फार गावातल्या दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी मात्र त्याच्या ओट्यापुढे बैलांची रांग लागायची, कारण त्याच्यासारखी शिंगं कोणी रंगवत नसे. माझ्यासाठी त्याला गावच्या कमिटीने पांढरा आणि काळा असे दोनच रंग दिले होते. त्याचं मन काही भरेना. शिंगांसाठी आणलेला शेंदरी रंग डब्याच्या तळाशी उरला होता, तो त्याने माझ्या चारही कडांना फिरवला. पोटावर लिहिलं : ‘हा रस्ता दवाखान्याचा आहे. येथे बंड्या, मोटारी व सायकली उभ्या करू नयेत. हुकुमावरून.’ हुकूम कोणाचा, यावर कमिटीत एकमत होईना, म्हणून खाली नावापुरती जागा कोरी सोडली. ती आजही कोरीच आहे.

रंगवताना त्याची आई आयशाबी शेजारी बसलेली असे. तिच्या पायाला पांढरी पट्टी होती. वावरात कापूस वेचताना पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या झाडाचा, खुंट तिच्या तळव्यात घुसला होता. तिला साखरेचा आजार, त्यामुळे जखम काही भरेना. एक दिवसाआड दवाखान्यात जाऊन पट्टी बदलावी लागे. नर्स इंदुताईंनी तिला बजावलं होतं, “माय, या पायाले चिखल-शेण लागू देजो नको. लागलं, तर पाय ठेवता येनार नाही.”

म्हणून गफ्फारने माझी मजुरी घेतली नाही. तो आईला म्हणाला, “आता तुले खाली रस्त्यावर उतराचं काम नाही. फुटपाथवरून थेट दारात.”

“कोन म्हनते?” आयशाबीने विचारलं.

“ही पाटी म्हनते.”

आयशाबीला वाचता येत नव्हतं. तिने माझ्या शेंदरी कडेवर बोट फिरवलं आणि मान हलवली. त्या दिवशी मला वाटलं, आपला जन्म कारणी लागला.

तो १९५७ सालचा उन्हाळा होता. आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून उठून नुकताच मुंबई राज्यात गेला होता. एवढा मोठा जिल्हा जागचा हलला, तर बैलांच्या बंड्या का हलणार नाहीत, असं लोक बोलायचे. मीही तेच धरून चालले होते.

दवाखान्यापुढच्या नालीवर फरश्या टाकून नवा फुटपाथ केला होता. त्याच्या कडेला खांब रोवून मला उभं केलं. समारंभाला विठ्ठलराव आले. ते कापसाचे अडते आणि कमिटीचे मेंबर. मिलिटरीच्या लिलावात घेतलेल्या जीपमधून ते आले, उतरले, माझ्या गळ्यात हार घातला आणि बराच वेळ बोलले. दवाखान्याची वाट म्हणजे देवळाची वाट, ती अडवणं म्हणजे पाप, असं ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांची जीप तेव्हा फुटपाथवर, अगदी माझ्या खाली उभी होती. आजच्या दिवसापुरती असेल, असं मी मनाशी म्हटलं. लग्नात नवरदेवाचा घोडाही मांडवाच्या दारातच उभा असतो.

मित्रांनो, पहिलं वर्ष माझं मानाचं गेलं. खेड्यावरून येणारे बंडीवाले मला पाहून लांबूनच बैल वळवायचे. त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. सरकारी पाटी आहे, म्हणजे इथे थांबलं की काहीतरी भरावं लागणार, अशी त्यांची खात्री होती. मग एक दिवस मारोतराव मास्तरांनी त्यांना गोळा करून मला मोठ्याने वाचून दाखवलं.

सगळ्यांनी मन लावून ऐकलं. एकाने विचारलं, “मंग थांबलं तं काय होते?”

“तसं लिहिलेलं नाही,” मास्तर म्हणाले.

“फक्त नका करू म्हनते?”

“हो.”

“मंग ठीक आहे,” तो म्हणाला, आणि त्याने बैल माझ्या खांबाला बांधले.

त्या दिवसापासून माझी उतरती कळा सुरू झाली. पण लोक मला विसरले, असं मी म्हणणार नाही. उलट मी सगळ्यांच्या तोंडी झाले. “कोठी भेटशीन?” “पाटीपाशी उभा राह्यतो.” “बंडी कुठी सोडली?” “पाटीखाली, सावली आहे तिथी.” गावात माझ्याइतका पत्ता कोणाचाच सोपा नव्हता.

आयशाबी मात्र माझ्या शब्दाला जागली. काठी टेकत ती फुटपाथवरून यायची, माझ्या खांबाला हात लावून दम घ्यायची आणि आत जायची. वाट अडलेली असली, की काठीने चाकं वाजवायची आणि हाका मारायची. तिच्या जिभेला सगळे भीत. सायकलवाले पळत येऊन सायकल उचलायचे. बंडीवाले बंडी सारायचे. सरत नव्हती ती फक्त विठ्ठलरावांची जीप. त्यांची अडत समोरच होती आणि सावली माझ्या बाजूला होती.

जीपचा ड्रायव्हर जफर आतच पाय लांब करून पडलेला असे.

“काढ रे बाप्पा,” आयशाबी म्हणायची.

“पाच मिनिटं, चाची. साहेब येऊनच राह्यले.”

“तुहे पाच मिनिटं सकाळपासून चालून राह्यले. तुह्या घड्याळाले बैल जुपले काय?”

जफर हसायचा आणि उतरून तिला हात धरून जीपच्या कडेने, फरशीच्या टोकावरून पार करायचा. मुलगा वाईट नव्हता. जीप हलवण्यापेक्षा चाची हलवणं त्याला सोपं वाटायचं, एवढंच.

एकदा इंदुताई स्वतः विठ्ठलरावांशी बोलायला गेल्या. ते रागावले नाहीत. त्यांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि समजावून सांगितलं, “बाई, ही पाटी कोनी लावली? मी लावली. मंग माह्याच पाटीखाली मी गाडी लावली, तं त्यात कोनाचं काय गेलं?” इंदुताई परत आल्या. दवाखान्यात शिरताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला खांबावरून खाली उतरता आलं असतं, तर मी उतरले असते.

मग ती दिवाळीनंतरची कापसाची गर्दी आली. सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यापुढे बंड्यांची रांग लागली आणि वाढत वाढत आमच्या दारापर्यंत पोचली. रांगेचा एक रिवाज आमच्याकडे सगळे पाळतात. बैल सोडून घ्यायचे, बंडीचं जू जमिनीवर टेकवायचं आणि खुशाल चहाला जायचं. बंडी तिथे असली म्हणजे मालक तिथे आहे, असं समजतात. तिला परक्याने हात लावायचा नाही. लावला, तर नंबर मोडतो, आणि नंबर मोडला तर पिढ्यांचं भांडण होतं.

त्या दिवशी दवाखान्याच्या दाराला अशी एक बिनबैलांची बंडी आडवी लागली होती. फुटपाथवर जीप होती. जफर जीपमध्ये नव्हता, मालकासाठी पान आणायला गेला होता. आयशाबी आली. तिने काठीने चाक वाजवलं. कोणी आलं नाही. चहाच्या टपरीवर माणसं बसली होती. तिने हाक मारली, “अरे, बंडी थोडी सारा न.”

“आमची नाही, चाची. दुसऱ्याच्या बंडीले हात कसा लावाव?”

“मंग जीप?”

“ते तं साहेबाची आहे.”

ती थोडा वेळ माझा खांब धरून उभी राहिली. पट्टी बदलायचा दिवस होता आणि दुपारी दवाखाना बंद व्हायचा. मग ती खाली उतरली. खाली दिवसभर बैल बांधलेले होते. शेणाने आणि मुताने जमीन रबरबलेली होती. पट्टीचा पाय त्यात घोट्यापर्यंत गेला, काठी घसरली आणि ती पडली. तेव्हा मात्र सगळे धावून आले. चांगली माणसं होती. तिला उचलून, बंडीच्या जुवावरून पलीकडे देऊन, आत नेलं. बंडीला कोणाचा धक्का लागला नाही.

पायात विष चढलं. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात तिच्या पायाची बोटं कापावी लागली. पाय कसाबसा राहिला.

गावात हळहळ झाली. कमिटी स्वतः जागा पाहायला आली. त्यांनी टेप धरून फुटपाथ मोजला. मोजताना जफरने जीप अदबीने मागे घेतली होती. विठ्ठलरावांना आयशाबीचं खरोखर वाईट वाटलं होतं. ते फरश्यांकडे बघत म्हणाले, “वाट आधीच येवढीशी. त्यात हा खांब. म्हातारं माणूस जाईन कुठून?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. जीप काय, हलते. बंडीही हलते. कायमची अशी त्या फुटपाथवर मी एकटीच उभी होते. खांब काढावा, असं एकमताने ठरलं. माझ्या आयुष्यात कमिटीचं एकमत तेवढंच झालं.

मला उपटायला गफ्फार आला. पाट्यांचं काम त्याचंच. त्याने पहारीने खांब मोकळा केला, खिळे काढले आणि मला मांडीवर घेऊन पुसलं. “अक्षर चांगलं आलंतं,” तो म्हणाला. मला वाटलं, हा तरी मला घरी नेईल. तेवढ्यात जफर आला.

“गफ्फारभाई, ही फळी कायले लागते तुले? माह्या जीपचा हँडब्रेक धरत नाही. इथी उतार आहे. चाकाखाली ठेवाले बरी होईन.”

गफ्फारने काढलेले खिळे खिशात टाकले. मग म्हणाला, “ने. पडूनच राह्यली असती.”

मित्रांनो, विठ्ठलरावांचा मला राग नाही. त्यांनी हार घातला तेव्हाच जीप माझ्या खाली होती, त्यांनी काही लपवलं नव्हतं. पण ज्याने मला वरच्या शेंदरी कडेपासून खालच्या कोऱ्या जागेपर्यंत प्रेमाने लिहिलं, त्याने मला “ने” म्हणावं, हे मी अजून गिळते आहे.

आता तुम्हाला माझ्या दबलेल्या आवाजाचं कारण कळलं असेल. मी जीपच्या मागच्या चाकाखाली असते. त्याच फुटपाथवर, त्याच दारापुढे. पूर्वी गाडी तिथे उभी राहू नये म्हणून मी उभी होते. आता ती तिथे नीट उभी राहावी म्हणून मी आडवी आहे.

पुढे आयशाबी चालू लागली. आता दोन काठ्या होत्या आणि भार पडून चिघळलेल्या दुसऱ्याही पायाला पट्टी होती. एका सकाळी ती जीपपाशी येऊन थांबली. जफर समोर, अडतीत होता. तिने चाक वाजवलं नाही, हाकही मारली नाही. फरशीच्या कडेवर हळूच बसली आणि वाट पाहू लागली. बसल्यावर तिची नजर चाकाखाली गेली. माझी कड तिला दिसली. शिंगांचा शेंदरी रंग. त्यावरून तिने बोट फिरवलं, पहिल्या दिवशी फिरवलं होतं तसंच.

“तू इथी व्हय,” ती म्हणाली.

मग तिने काठीचं टोक माझ्या खाली घातलं आणि मला बाजूला सारलं.

जीप एकदम गेली नाही. आधी थोडी कुरकुरली, विचार केल्यासारखी थांबली, मग फरशीवरून मागे उतरली आणि मोकळ्या रस्त्याने जिनिंगकडे निघाली. उताराच्या तळाशी सरकीचा ढीग होता. त्यात ती मागच्या अंगाने शिरली आणि निवांत झाली. कोणाला खरचटलंही नाही.

टपरीवरचे सगळे उठून उभे राहिले. फुटपाथ मोकळा होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कित्येक वर्षांनी मी तो अख्खा पाहिला. आयशाबी उठली, दोन्ही काठ्या सावरल्या आणि कोरड्या फरशीवरून एकेक पाऊल टाकत दारातून आत गेली. दारात इंदुताई उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, “माय, काय झालं वं?”

“काई नाही. पाटीचं ऐकलं जीपनं,” आयशाबी म्हणाली.

तिची पट्टी बदलून होईपर्यंत टपरीवरच्या माणसांनी जीपला हात लावला. ज्यांना परक्याची बंडी वीतभर सारता येत नव्हती, त्यांनी ती जीप “हां राजेहो, जोर लावा” म्हणत चढावर ढकलत आणली आणि तिच्या नेहमीच्या जागी उभी केली. जफरने मला शोधलं, झटकलं आणि पुन्हा चाकाखाली नीट बसवलं. आयशाबी बाहेर आली, तेव्हा तिला जीपच्या कडेने हात धरून पार करायला तो तयार उभा होता.

आज गावात मोटारसायकली आल्या आहेत, वणीकडून कोळशाचे ट्रकही येतात. ते सगळे तुमच्या घराण्यातल्या कोणाचे तरी असतील. त्यांना माझा एवढा निरोप द्या. गाडी उभी करून उतरलात, की निघून जाऊ नका. खाली वाकून एकदा चाकाखाली बघा. तिथे मी असेन. अक्षरं खालच्या बाजूला आहेत, तेवढं मला उलटवून वाचा.