कृपया हात लावू नये

"हात काढा बाई, काचेला डाग पडतील!" रखवालदार ओरडला.

ऑपरेटरबाईंनी हात काढला नाही. बोटांखाली थंडगार, गुळगुळीत काच होती. त्यांनी वरून चाचपलं, चारी बाजूंनी चाचपलं. सगळीकडे काचच.

"आत काय आहे?"

"नव्या इमारतीचं मॉडेल. आंधळ्या लोकांसाठी बनवलंय, हाताने समजून घ्यायला." मग आपण कुणाशी बोलतोय ते त्याच्या ध्यानात आलं आणि तो ओशाळला. "म्हणजे... तुमच्यासाठीच की."

कला आणि वास्तुकला महाविद्यालयाच्या टेलिफोनवर ऑपरेटरबाई ऐन पंचविशीत बसल्या त्या आता पन्नाशीला आल्या होत्या. दिसत जन्मापासूनच नव्हतं. पण जुन्या इमारतीत त्यांना कधी कुणाचं बोट धरावं लागलं नाही. शिल्पकलेच्या वर्गातल्या ओल्या मातीचा वास आला की डावीकडे वळायचं, फुटकी फरशी पायाला लागली की पुढे जिना. नव्या पोरांना त्याच रस्ता दाखवायच्या. "तुम्हाला दिसतं ना, म्हणून हरवता," असं वर चिडवायच्याही.

महिन्यापूर्वी सगळं बिऱ्हाड नव्या इमारतीत हललं. इथे जिकडेतिकडे एकसारखी फरशी, सरकती दारं आणि घुमणारे आवाज. पहिल्याच दिवशी बाथरूम शोधताना बाई भलत्याच वर्गात शिरल्या आणि वर्ग फिदीफिदी हसला. तेव्हापासून जायचं झालं की सफाईच्या मावशींना हाक मारायची. मावशी मायाळू, पण त्यांचं काम चारही मजल्यांवर. त्या येईपर्यंत बाई पोट आवळून, "एक मिनिट हं, लाइन जोडून देते," असं गोड आवाजात म्हणत बसायच्या. मग त्यांनी सकाळचा चहा सोडला. पुढे पाणीही सोडलं.

"वन्सं, अशाने उन्हाळी लागेल हो," वहिनी म्हणाली होती. ती लागलीच. चार दिवस औषध घ्यावं लागलं.

अशात विविधता आणि समावेशन समितीचे तरुण सर त्यांच्याकडे आले. म्हणाले, "बाई, तुमच्या बोटांना वाचता येईल असं इमारतीचं मॉडेल करतोय. दारातच ठेवणार." मुलं पुठ्ठ्याचे तुकडे घेऊन यायची. हे कळतं का, ते टोचतं का, विचारायची. बाई जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून त्यांच्याशी बसायच्या. "आजवर माझ्यासाठी पुष्कळांनी पुष्कळ केलं," त्या वहिनीला म्हणाल्या, "पण मला विचारून कुणी केलं नव्हतं गं."

आणि आज मॉडेलचं उद्घाटन, तर त्याच्यावर काचेची पेटी!

सर लगबगीने आले. बाईंनी त्यांना आवाजावरून ओळखलं.

"सर, ही काच कशाला?"

"अहो, पांढरंशुभ्र आहे ना. दहा जणांनी हात लावला तर कळकट होईल. पुढच्या आठवड्यात स्पर्धेला जायचंय ते."

"मग आंधळ्यांनी काय, बाहेरून बघायचं?"

सर हसले. बाई हसल्या नाहीत.

"फोटोच्या वेळी काढणार आहोत पेटी. तुम्ही फक्त हात ठेवायचे आणि जरा हसायचं."

या लोकांना दुष्ट म्हणावं तर तसे ते नव्हते. मॉडेलला हात लावायचा नाही, हे त्यांच्या अंगात वास्तुकलेच्या पहिल्या वर्षापासून मुरलेलं. पण एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांत एकालाही काच ठेवताना ती कुणापुढे ठेवतोय हे सुचू नये, याचा संताप यायचा नाही तर कशाचा यायचा?

दालनात भिंतींना लागून खुर्च्या मांडल्या होत्या. समितीच्या अध्यक्षाबाई 'संवेदना' आणि 'स्पर्श' या दोन शब्दांवर बराच वेळ बोलल्या. प्रमुख पाहुणे म्हणाले, "आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन!" टाळ्या पडल्या. मी कुणाकडे डोळा मागितला होता, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं.

मग पेटी उचलली गेली. बाईंनी हात ठेवले आणि कॅमेरे खटाखट वाजले. इकडे बोटं मात्र कामाला लागली. हे मोठं दार. हे दालन. ही उजवीकडची वाट, आणि ही आपली खोली, आत इवलंसं टेबलसुद्धा! रागातही बाईंना भरून आलं. बोटांनीच त्या खोलीतून बाहेर पडल्या, एक वळण घेतलं, दुसरं घेतलं आणि बोटं एका ठोकळ्यावर आपटली.

"झालं बाई, धन्यवाद," अध्यक्षाबाई म्हणाल्या.

"थांबा. सर, बाथरूम कुठंय?"

कुणीतरी खुदकन हसलं.

"नंतर सांगतो, बाई," सर पुटपुटले.

"इथे नुसता ठोकळा लागतोय. दारच नाही."

"तो भाग भरीवच ठेवलाय. मुख्य जागा तेवढ्या दाखवल्यात. ते... प्रदर्शनात बरं दिसत नाही."

"कुणाला?"

अध्यक्षाबाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "असं काय करता? मावशी आहेत ना तुम्हाला न्यायला? केलीय ना आपण सोय?"

"मावशी वर तुमचे कप धुतायत." बाईंचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचत होता. "माणसाला हाताला धरून तिथे न्यायचं ते लहानपणी, नाहीतर मरताना. मी अजून मधे आहे, मॅडम. महिनाभर या इमारतीत मी पाण्याचा थेंब घेतलेला नाही. आजारी पडले. या मॉडेलसाठी रोज डबा बाजूला ठेवून बसले, ते काय फोटोसाठी?"

"अहो, कुणीतरी घेऊन जा यांना," प्रमुख पाहुणे म्हणाले.

एक मुलगी धावत आली आणि तिने बाईंचा दंड धरला. बाईंनी तिचा हात अलगद सोडवला. "तू बस, बाळा. मी जाते. भिंत नेईल कुठेतरी."

मॉडेलकडे पाठ करून त्या सरळ चालत गेल्या. भिंत लागल्यावर त्यांनी तिच्यावर तळवा टेकवला आणि कडेकडेने निघाल्या. भिंतीला लागून पाहुणे बसले होते. हात खांद्यापाशी आला तसा पहिला माणूस उठून खुर्ची ओढत बाजूला झाला. मग दुसरा उठला. मग तिसरा, चौथा. प्रमुख पाहुणेही उठले. खुर्च्या सरकत गेल्या. शेवटची खुर्ची अध्यक्षाबाईंची होती. ती त्यांनी स्वतःच बाजूला ओढली आणि भाषणाचे कागद छातीशी धरून उभ्या राहिल्या. बाईंचा हात भिंतीवरून तसाच सरकत कोपऱ्यापर्यंत गेला, आणि वळला.