रिकामा रकाना

साहेब, मुखरू त्या दिवशी खोटं बोलला असता, तर तुम्ही त्याच्या पोराला कर्ज मंजूर केलं असतं. तो खरं बोलला म्हणून तुम्ही कागद फेटाळलात.

मुखरू ढिवर. गाव ब्रह्मपुरीच्या अलीकडं. गावाला तलाव, आणि तलावात ढिवरांची चार पिढ्यांची जाळी. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाला, आणि सरकारनं तो लिलावात एका ठेकेदाराला दिला. ढिवरांनी दावा लावला. त्यांचा वकील दोन पेशींना आला, तिसरीला फिरकला नाही. तेव्हा मुखरूचा मुलगा इस्तारी म्हणाला, "बाबा, मीच वकील होतो." तो नुकताच नागपुरात बी.ए. झाला होता. वकिलीला आणखी दोन वर्षं लागणार होती. दावा तेवढा सहज चालला असता.

कायद्याच्या फीसाठी सरकारी कर्जाचा अर्ज इस्तारीनं स्वतः भरला. 'यापूर्वी मिळवलेली पदवी' एवढा एकच रकाना रिकामा ठेवला. वर्ग सुरू झाले होते, म्हणून कागद बापाच्या हाती दिला.

"बाबा, कागद द्याचा, पावती घ्याची. बोलाचं काई नाई."

"काई पुसलं तं?"

"मले समजत नाई म्हनाचं."

ढिवरांत एक रीत आहे. जाळं ओढलं की काठावर सगळ्यांदेखत पुरतं झटकायचं, मग वाटे पाडायचे. कुणाच्या धोतरात एक झिंगा लपलेला सापडला तरी त्याला वाट्यावरून उठवतात. मुखरू चाळीस वर्षं तसाच झटकत आला होता. लपवायचं कसं, ते त्याच्या हातांना ठाऊकच नव्हतं.

कचेरीतले बाबू गुणवंतराव माणूस बरा. त्यांनी अर्ज वाचला, रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाले, "मुखरूभाऊ, हे असंच राहू द्याचं ना?"

मुखरूनं वाकून पाहिलं. पोराची सगळ्यात मोठी कमाई तिथं लिहायची होती, आणि तिथं काहीच नव्हतं.

"असंच काऊन जी? लिवा ना. माहा पोरगा बी.ए. हाय. आमच्या ढिवरात पयला."

गुणवंतरावांनी टाक खाली ठेवला. "मी काही आयकलं नाई, भाऊ."

बाबू कानानं कमी असेल, असं मुखरूला वाटलं. बिचाऱ्याला त्रास नको म्हणून तो जवळ सरकला आणि तलावाच्या या काठावरून त्या काठाला हाक मारावी तशा आवाजात म्हणाला, "बी.ए. म्हनलं. नागपूरचा बी.ए."

ते तुम्ही आतल्या खोलीत ऐकलंत. पडदा सारून बाहेर आलात.

"पदवीधर आहे? मग कर्ज कसलं? ते पहिल्या पदवीसाठी असतं. दुसरीला नाही."

"पन ह्या पयलीनं तलाव सुटत नाई जी."

"नोकरी करू दे त्याला."

"नोकरी त्याले भेटन, साहेब. पेशीले उभा कोन राहीन?"

तुम्ही हसलात. कुत्सित हसला नाहीत, हेही लिहितो. अर्जावर 'अपात्र' लिहिलंत आणि जेवायला गेलात.

फाटकापर्यंत गुणवंतराव सोबत आले. म्हणाले, "भाऊ, तो रकाना पोरानं विसरून नव्हता सोडला." मुखरूनं दोनदा मान हलवली. मग तो गावाकडं चालू लागला.

आठव्या दिवशी इस्तारी पेटी घेऊन परत आला.

"बाबा, सांगतलं होतं ना बोलू नोको म्हनून."

"तू बी.ए. झाला तवा तुह्या मायनं गावभर माशे वाटले. ते काय चोरीचे होते?"

इस्तारीनं पेटी कोपऱ्यात ठेवली. त्याची माय सुगंधाबाई चुलीजवळून म्हणाली, "जेवा आंधी दोघंबी. मंग भांडा." पण भांडण झालंच नाही. झालं असतं तर बरं होतं.

इस्तारी जंगल खात्यात कारकून लागला, सूरजागडाकडं. त्यानंतर तिसऱ्या उन्हाळ्यात दावा निकाली निघाला. ढिवरांच्या बाजूनं मुखरूच उभा राहिला. न्यायाधीशांनी कागद मागितले. मुखरू त्यांना तलावाचं पाणी कुठं किती खोल आहे, ते सांगत राहिला. आता ठेकेदाराची माणसं तलावावर असतात. ढिवरांच्या बायका मजुरीनं धानाच्या रोवण्याला जातात.

परवा चिमूरकडचे दादाजी आपल्या पोरीसाठी इस्तारीला विचारायला आले. मी त्यांचा शेजारी, ओसरीवर होतो. पानसुपारी झाली. दादाजींनी पुसलं, "पोरगा कितीक शिकला जी?"

मुखरूनं आधी दाराकडं पाहिलं. बाहेर कुणी उभं तर नाही ना, ते पाहिलं. मग खाली बघत, अगदी बारीक आवाजात म्हणाला, "लिवते-वाचते."

दादाजींनी मान डोलावली. आत सुगंधाबाईच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

साहेब, जन्मभर एक शब्द न लपवलेला बाप पाहुण्यांसमोर पोराची पदवी लपवू लागला. हे तुम्ही त्याला शिकवलंत की नाही? मला तोंडी उत्तर नको. ज्या शाईनं 'अपात्र' लिहिलंत, त्याच शाईनं लिहा, आणि खाली सही करा.