नीलोने रोवलेल्या फांद्या

"मुक्कामाचं घर तर हे काय, समोर दिसतंय. तळं सरळ कापलं तर वीस मिनिटांत पोचू की," रेइयो म्हणाला. तो तुर्कू शहरातला शाळामास्तर, पाच पाहुण्यांतला सगळ्यात बोलका. "मग हा काठाकाठाने वळसा कशाला?"

"मध्ये बर्फाखालून प्रवाह जातो," वाटाड्या काउको म्हणाला. "वरून जाड दिसतं. असतंच असं नाही."

"मार्चात? उणे वीसमध्ये?"

"मार्चात. उणे वीसमध्ये."

"म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकाबाईंसारखं. वरून शांत, खाली काय चाललंय कोण जाणे."

बाकीचे हसले. शेवटच्या स्लेजवरची, कुत्री ओढतात त्या घसरगाडीवरची, कीर्सी हसली नाही. ती तळ्याकडे पाठ करून उभी होती. काउकोने कुत्र्यांना हाक दिली आणि पाचही स्लेज त्याच्यामागून काठाने निघाल्या.

हे काम काउकोने निवडलेलं नव्हतं. एकतीस वर्षं तो रस्त्यावरचं बर्फ बाजूला सारणारी पालिकेची गाडी चालवत होता. कुत्री आणि स्लेज त्याच्या मुलाची, नीलोची. सात हिवाळ्यांपूर्वी याच तळ्यावर सहलीतली एक बाई बर्फ फुटून पाण्यात पडली. नीलोने पोटावर सरपटत जाऊन तिला वर ढकललं आणि तो स्वतः खाली गेला. तो अठ्ठावीस वर्षांचा होता. तिसऱ्या दिवशी सापडला. बावीस कुत्री मागे राहिली, त्यांना खायला तर घालायला हवं होतं. काउकोने पालिकेची नोकरी सोडली.

मुलगा गेला हे एक. पण चौकशीच्या कागदावर लिहून आलं होतं : वाटाड्याने पाहुण्यांना पातळ बर्फावरून नेलं. वाचलेल्या बाईने तसा जबाब दिला होता. ज्या पोराने चौथ्या वर्षापासून या तळ्यावर भोकं पाडून मासे धरले, त्याला बर्फ कळलं नाही? गावात तोंडावर कोणी काही बोललं नाही. एल्वी मात्र, काउकोची बायको, एकदाच बोलली, "पाणी ओळखायला तूच शिकवलंस ना त्याला." पुन्हा कधी तिने तो विषय काढला नाही. त्याचं ताट वाढायची, कपडे धुवायची, पण बोलताना नजर खिडकीबाहेर. आणि काउको कुत्र्यांमागे उभा राहून वर्षानुवर्षं आठवत राहिला, की आपण पोराला शिकवायचं नेमकं काय राहिलं.

मुक्कामाच्या घरापाशी पोचल्यावर पाहुणे चुलीभोवती बसले. काउको बाहेर बादलीतली मांसाची पेज कुत्र्यांना वाढू लागला. कीर्सी मदतीला आली. वाडगी उचलायला तिने हातमोजे काढले तेव्हा दिसलं, डाव्या हाताची दोन बोटं नव्हती.

रांगेच्या टोकाला एक म्हातारा कुत्रा बसला होता. हल्ली तो गाडी ओढत नसे, नुसता बरोबर यायचा. ती त्याच्यापुढे गुडघ्यावर बसली.

"तुइस्कू," ती म्हणाली. "अजून आहेस तू."

काउकोचा हात थांबला. या कुत्र्याचं नाव त्याने या सहलीत कोणाला सांगितलं नव्हतं.

"तुला कसं ठाऊक?"

ती कुत्र्याकडेच बघत म्हणाली, "त्या वेळी आडनाव वेगळं होतं माझं. लग्नाआधीचं. तुम्ही ओळखणार नाही, हे धरूनच आले."

काउको उभाच राहिला.

"तुमच्या मुलाने आम्हाला नेलं नव्हतं तिकडे," ती म्हणाली. "खुणेला फांद्या रोवल्या होत्या स्प्रूसच्या झाडाच्या, ओळीने. दोनदा बजावलं होतं, फांद्यांच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही. ते कुत्री सोडवत होते. पलीकडून ऊन छान पडलं होतं, मला फोटो हवा होता. मी गेले."

"मग जबाब?"

"दवाखान्यात आले विचारायला. बोटं कापून दुसराच दिवस होता. आई बसली होती शेजारी. माझ्यामुळे माणूस मेला हे तिच्यासमोर तोंडातून निघेना. म्हटलं, त्यांनी सांगितलं म्हणून गेले. एवढंच. नंतर वाटायचं उद्या जाऊन बदलू. मग उद्या. माझा मुलगा आता सहा वर्षांचा आहे. त्याने विचारलं, आई तुझी बोटं कुठे गेली? त्याला खरं सांगितलं. मग लाज वाटली, की ज्यांना सांगायला हवं त्यांना..."

एक कुत्रं वाडग्यासाठी केकाटलं. काउकोने त्याला वाढलं. पुढच्याला वाढलं. पेज बर्फावर सांडत होती, पण त्याने ओळ पुरी केली. शेवटचं वाडगं ठेवून तो म्हणाला, "एल्वी ऑक्टोबरात गेली. त्याची आई."

कीर्सीने तोंडावर हात धरला.

"एक वर्ष आधी यायचं होतंस," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "सहा महिने आधी आली असतीस, तरी चाललं असतं."

रिकामी बादली तिथेच टाकून तो तळ्याच्या काठाशी जाऊन उभा राहिला. फांद्या रोवल्या होत्या. ओळीने. दोनदा बजावलं होतं. पोराला सगळं येत होतं. हे सांगायला घरी धावत जावं, आणि घरात कोणी असू नये. तो किती वेळ उभा होता कोण जाणे. रेइयो दारातून ओरडला, "काउको, सूप आटतंय!" तेव्हा तो वळला. त्याने सगळ्यांना वाटाण्याचं सूप वाढलं, कीर्सीलाही. सौनाच्या वाफस्नानासाठी पाणी आणलं, लाकडं फोडली.

सकाळी पेर्त्ती बर्फावरची मोटार घेऊन लाकूडफाटा टाकायला आला. पेर्त्ती शेजारचाच, काउकोच्या वयाचा. नीलोला पाण्यातून काढणाऱ्यांत तो होता. गावात कोणाला काही कळायचं असेल तर ते पेर्त्तीला कळलं की पुरे.

"काय रे म्हाताऱ्या, पाहुण्यांनी दमवलं वाटतं," तो म्हणाला. "चेहरा बघ, जुन्या बुटासारखा झालाय."

कीर्सी तिच्या स्लेजवर सामान बांधत होती. काउको तिच्यापाशी गेला.

"परत गेल्यावर लिहून देणार आहेस?"

"हो. पोलिसांना. सगळं."

"दे. पण आधी या पेर्त्तीला सांग. काल मला सांगितलंस तसंच."

बाकीचे पाहुणे कॉफीचे मग घेऊन उभे होते. ती त्यांच्यासमोरच बोलली. आवाज अडखळत होता, पण काही गाळलं नाही, फोटोसुद्धा. रेइयोने हातातला मग खाली ठेवला. कुत्री निघायच्या घाईने पट्टे ओढत होती.

पेर्त्तीने कानटोपीचे बंद सोडले आणि टोपी काढून हातात घेतली.

"मी दुकानात बोललो होतो, काउको," तो म्हणाला. "नीलो उतावळा होता म्हणून."

"ठाऊक आहे."

"एल्वी होती तिथे. पाव घेत होती."

"तेही ठाऊक आहे."

काउको एकेका स्लेजचे दोर तपासत गेला. कीर्सीच्या स्लेजपाशी वाकून त्याने गाठ ओढून पाहिली, ती सैल होती, सोडून पुन्हा बांधली.

"ब्रेकवर पाय ठेव उतारावर," तो तिला म्हणाला. मग आपल्या जागी जाऊन उभा राहिला.

"टोपी घाल रे," त्याने पेर्त्तीला सांगितलं. "उणे बावीस आहे."

पेर्त्तीने मान हलवली. स्लेज निघाल्या. वळणावर काउकोने मागे पाहिलं, तेव्हा तो लाकडांच्या ढिगाशेजारी तसाच उभा होता, बोडक्या डोक्याने, पांढऱ्या विरळ केसांवर कुत्र्यांनी उडवलेलं बर्फ घेऊन.